ईआरसीपीनंतरचा रक्तस्राव : घरी परतल्यावरचे दोन आठवडे

हिंदमाताच्या कापडबाजारामागे एखादी जुनी चाळ आहे, अशी कल्पना करा. तिसऱ्या मजल्यावरील पंचाहत्तरीच्या आजोबांना कावीळ झाली. तपासणीत पित्तनलिकेत खडा अडकलेला आढळला. रुग्णालयात दुर्बिणीतून तो काढण्यात आला. पोटावर टाका नाही, व्रण नाही. दोन दिवसांत आजोबा घरी परतले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सहाव्या दिवशी त्यांना शौचास काळे झाले. सामायिक शौचालय गॅलरीच्या टोकाला आणि तिथला दिवा मिणमिणता. त्यांचे फारसे लक्ष गेले नाही आणि जे दिसले ते सुनेला कसे सांगावे, या संकोचाने ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी उठताना त्यांना घेरी आली.

चित्र कल्पनेतले असले, तरी अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते. या उपचारानंतरचा रक्तस्राव नेहमी रुग्णालयातच होतो असे नाही. कधी कधी तो रुग्ण घरी आल्यावर, आठवड्याने किंवा दहा-बारा दिवसांनीही सुरू होतो. तो वेळीच ओळखला, तर बहुतेक वेळा दुर्बिणीनेच थांबवता येतो.

रक्त कोठून येते?

यकृतात तयार होणारे पित्त पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. नलिकेच्या तोंडाशी वर्तुळाकार स्नायूची एक झडप असते. ‘ईआरसीपी’ या उपचारात दुर्बीण तोंडावाटे तिथपर्यंत नेतात आणि खडा बाहेर यावा म्हणून ही झडप विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने थोडी कापतात. १९७४ मध्ये जर्मनी व जपानमधील डॉक्टरांनी या पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले आणि खड्यासाठी पोट उघडण्याची गरज पुष्कळ कमी झाली.

रक्तस्राव होतो तो मुख्यतः या छेदातून. काही वेळा छेद घेतानाच रक्त येते, पण ते बहुधा आपोआप थांबते. काही वेळा मात्र भाजून बंद झालेली लहान रक्तवाहिनी वरची खपली सुटल्यावर पुन्हा उघडते. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा २३४७ रुग्णांपैकी सुमारे २ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला होता. म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव जणांना हा त्रास झाला नाही. म्हणूनच भीतीपोटी आवश्यक उपचार टाळू नये.

धोका कोणाला अधिक?

रक्त गोठण्याची क्रिया मंदावलेल्या रुग्णांना, पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेल्यांना आणि उपचारानंतर लगेच रक्त पातळ करणारी औषधे सुरू केलेल्यांना धोका अधिक असतो. यकृत सुकण्याचा आजार किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असल्यासही विशेष काळजी घ्यावी लागते.

कावीळ आणि रक्तस्राव यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे. रक्त गोठवणारे काही घटक तयार करण्यासाठी यकृताला ‘के’ जीवनसत्त्व लागते. ते आतड्यात शोषले जाण्यासाठी पित्ताची गरज असते. पित्ताची वाट अडली की जीवनसत्त्व कमी पडते आणि रक्त गोठण्यास वेळ लागू लागतो. म्हणून ईआरसीपीपूर्वी आवश्यकतेनुसार रक्त गोठण्याची ‘आयएनआर’ ही चाचणी करतात आणि गरज भासल्यास ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. धोका अधिक वाटल्यास डॉक्टर छेद पुढे ढकलून केवळ स्टेंट घालतात, किंवा फुग्याने तोंड रुंद करण्याचा पर्याय निवडतात.

अनेक ज्येष्ठ हृदयविकार, अर्धांगवायू किंवा अनियमित ठोके यांसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. अशी प्रत्येक गोळी ईआरसीपी करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वा तत्सम औषधे काही दिवस आधी थांबवावी लागू शकतात. मात्र हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व पोटविकारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असताना स्वतःहून गोळी बंद करणे रक्तस्रावाइतकेच घातक ठरू शकते. घरी सोडताना ‘कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून सुरू करायची?’ हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे.

घरी काय पाहावे?

डांबरासारखे काळे, चिकट व उग्र वासाचे शौच ही सर्वांत महत्त्वाची खूण. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो. तेव्हा शंका आली, तर घरीच तर्क न लढवता डॉक्टरांना विचारावे. शौचावाटे लाल रक्त पडणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभे राहताच घेरी, घाम, दम लागणे, छातीत दुखणे, लघवी कमी होणे किंवा वृद्ध व्यक्तीने अचानक असंबद्ध बोलणे, हीही रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. पोटात कळ येऊन कावीळ परत दिसू लागली, तर रक्ताच्या गाठीने नलिका अडल्याचीही शक्यता असते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही. त्यामुळे ‘ठोके नेहमीसारखे आहेत’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

संकोच हा येथे मोठा शत्रू आहे. पहिले दोन आठवडे काळजीवाहकाने रोज सरळ शब्दांत विचारावे, ‘आज शौचाचा रंग कसा होता?’ शक्य असल्यास स्वतः पाहावे. आजारपणात हा प्रश्न तापाच्या चौकशीइतकाच साधा मानला पाहिजे.

रुग्णालयात काय करतात?

प्रथम शिरेवाटे द्रव देऊन रक्तदाब सावरतात आणि हिमोग्लोबिन तपासतात. ते फार खाली गेले असल्यास रक्त चढवतात. रक्त गोठण्यातील दोष दुरुस्त केला जातो. रुग्ण स्थिरावला की आतड्याची बाजू दाखवणारी दुर्बीण पुन्हा आत नेतात.

छेदाभोवती पातळ केलेल्या अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन दिले की रक्तवाहिन्या आकसतात. फुग्याने काही मिनिटे दाब देता येतो. वाहती रक्तवाहिनी दिसल्यास उष्णतेने ती बंद करतात किंवा तिला धातूची बारीक क्लिप लावतात. हे करताना शेजारीच असलेले स्वादुपिंडाच्या नलिकेचे तोंड जपावे लागते. एवढ्याने भागले नाही, तर आच्छादित धातूचा स्टेंट नलिकेत बसवतात. तो आतून छेदावर दाब देतो आणि नंतर काढून टाकता येतो. क्वचित मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन रक्तवाहिनी बंद करावी लागते. शस्त्रक्रियेची वेळ आज फार थोड्यांवर येते.

रक्ताच्या संदर्भात एक गोष्ट या परिसराला जवळची आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ हा अतिदुर्मीळ रक्तगट जगासमोर आणला. ते संशोधन परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयात झाले होते. नेहमीच्या साध्या तपासणीत हा रक्तगट ‘ओ’ वाटू शकतो, परंतु अशा व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्त चालत नाही. म्हणून घाईतही रक्तपेढी जुळणीची चाचणी करते. त्यात जाणारा वेळ रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच असतो. पूर्वी असा दुर्मीळ गट आढळला असल्यास ती नोंद डिस्चार्ज कार्डासोबत ठेवावी.

आधीच ठरवून ठेवा

हिंदमाताचा सखल भाग आणि पावसाळा यांचे नाते मुंबईकरांना सांगायला नको. भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या असल्या, तरी मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्यास वाहतूक कोलमडू शकते. जिना उतरताना रुग्णाला खुर्चीवरून कोण नेणार, रस्त्यावर पाणी असल्यास गाडी कोठे उभी राहील, रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे, हे उपचारापूर्वीच ठरवावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. जिथे ईआरसीपी झाली, तिथे जाणे सोयीचे. मात्र घेरी किंवा मोठा रक्तस्राव असेल, तर तातडीची सेवा, दुर्बीण व रक्तपेढी असलेले जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

निघताना रुग्णाला चालवू नये, आडवे ठेवावे आणि काही खायला-प्यायला देऊ नये. वेदनाशामक गोळी स्वतःहून देऊ नये. डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी केव्हा घेतली याची नोंद सोबत न्यावी. ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणत रात्र काढू नये.

आपल्या कथेतील आजोबांना पहिल्याच दिवशी कोणी विचारले असते, तर त्यांनी कदाचित सांगितलेही असते. वाकून चौकशी करणारे माणूस घरात असणे, ही या उपचारातील पहिली आणि बिनखर्चाची पायरी आहे.