बॅले, शाळा आणि आमचे पालक

वर्धा-आर्वी मार्गावरील आमच्या आंजी (मोठी) गावी बॅलेचे नाव काढणे म्हणजे चेष्टेस आमंत्रण; तथापि मुंबईतील एका वेल्डरचा पुत्र अमीरुद्दीन शाह, येहुदा माओर या गुरूंच्या कठोर तालमीत तयार होऊन, २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, ही हकीकत ज्यांस ठाऊक आहे, त्या पालकांनी अपत्याचा हट्ट एकदम नामंजूर करू नये. मात्र शाळेतून नाव काढून मुंबई गाठण्याची घाई मला सर्वथा नापसंत! जवळपास कथक वा भरतनाट्यम शिकविणारा जाणता गुरू लाभल्यास, अभ्यास सांभाळूनही ताल, तोल व शिस्त अंगी बाणतात. बोटांच्या टोकांवर उभे करणारे ते विशिष्ट बूट मात्र, पावलांची हाडे व स्नायू पुरेसे बळकट होईपर्यंत, म्हणजे बहुधा वयाच्या ११-१२ वर्षांपूर्वी, कोणी कितीही आग्रह केला तरी देऊ नयेत.