ट्रक उभा, हप्ता चालू

सुट्टीत गावाला जाताना पुढच्या ट्रकचा फाळका तुम्ही नक्की वाचला असेल. ‘हॉर्न ओके प्लीज’, खाली लोंबणारी काळी बाहुली आणि कोपऱ्यात ‘सोनू-मोनू’. ही सोनू-मोनू म्हणजे ट्रकमालकाची मुलं बरं का! आणि कित्येकदा हा मालक स्वतःच स्टिअरिंगवर बसलेला असतो.

एक-दोन गाड्यांवर पोट भरणारे असे मालक आपल्या देशात फार आहेत. पण त्यांच्यातले कितीतरी जण गाडी विकून मोकळे होताहेत. का? जरा गणित करून पाहू.

समजा, नागपूरची संत्री मुंबईला न्यायचीत. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. भरलेली दहाचाकी गाडी लिटरला चारेक किलोमीटर जाते, म्हणजे २०० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले, तर १८ हजार डिझेललाच गेले! वर टोल, टायर, विमा, पासिंग. हे सगळं आधी खिशातून जातं. भाड्याचे थोडे पैसे आगाऊ मिळतात, उरलेले माल पोचल्याची पावती दिल्यावर, कधी महिन्याभराने. परतीचा माल मिळेपर्यंत गाडी मुंबईत उभी. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही! म्हणून मिळेल त्या भाड्यात तो निघतो.

जुलै २०१८ मध्ये आणखी एक गंमत झाली. (त्याला कसली गंमत म्हणा!) सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. दहाचाकी ट्रकचं मालासकट वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. वाटलं, चला, कमाई वाढेल. पण देशातला माल काही एका रात्रीत वाढला नाही. सहा गाड्यांचा माल पाच गाड्यांत मावू लागला. सहावीने काय करायचं? तिने भाडं उतरवलं, मग पाचही जणींना उतरवावं लागलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हप्ते ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची सवलत मिळाली. व्याज मात्र चढतच होतं.

गाडी विकलेले काहीजण पगारी ड्रायव्हर होतात. तोच रस्ता, तेच घाट, गाडी शेठची. टायर फुटला तर खर्च शेठचा, म्हणून रात्री झोप लागते. फाळक्यावर मात्र सोनू-मोनूवर रंग फिरवून शेठच्या मुलांची नावं आलेली असतात.