एक सूत इकडे, एक सूत तिकडे

फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड, बंपर, टप, जे जे म्हणून वजन वाढवतं ते सगळं उतरवून टाकलं. मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर त्या भन्नाट पळवल्या जात. या वेगाला शिस्त लावायला १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली. युद्धानंतर नाद आणखी वाढला. १९४६ मध्ये बिल बर्कने लढाऊ विमानाची जादा इंधनाची टाकी घेऊन तिचीच बॉडी केली. अशा गाड्यांना वाहिलेल्या ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला तो जानेवारी १९४८ मध्ये.

हा इतिहास बहुतेक वेळा इंजिनाभोवती सांगितला जातो. एड इस्केंडेरियनचे कॅमशाफ्ट, विक एडलब्रॉकचे मॅनिफोल्ड, स्टुअर्ट हिलबॉर्नचं फ्युएल इंजेक्शन ही नावं मोठी आहेतच. पण घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधणाऱ्याचा कस दुसरीकडेच लागतो. इंजिन विकत मिळतं. ओहायोतल्या ब्रुकव्हिलमध्ये १९३२ च्या रोडस्टरची नवीकोरी पोलादी बॉडीसुद्धा मिळते. एका कंपनीचं इंजिन, दुसऱ्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स आणि तिसरीचं मागचं एक्सल एकाच चेसिसवर नांदवणं मात्र विकत मिळत नाही. ते हातानेच जमवावं लागतं.

सुरुवात चेसिसपासून. जुन्या फोर्डच्या दोन्ही दांड्या म्हणजे आतल्या बाजूने उघडे सी चॅनेल. ६५ अश्वशक्तीला ते पुरत होते. आजच्या इंजिनाची ताकद आली की ते पीळ खातात. म्हणून उघड्या बाजूला एक-दीड सूत जाडीची पट्टी वेल्ड करून चॅनेलची बंद पेटी करतात. इथेच नवखे फसतात. वेल्डचा रस थंड होताना आकसतो, आणि एका बाजूने सलग वेल्ड ओढला तर सरळसोट दांडी धनुष्यासारखी वाकते. जाणता माणूस आधी चेसिस जिगवर करकचून आवळतो, आडवे आधार टॅक करतो आणि मग इंच-दोन इंचांचे तुकडे मारत जातो: एक पुढे, पुढचा मागे, तिसरा समोरच्या दांडीवर. मधूनमधून दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे भरले तर चेसिस गुण्यात आहे. मागचं एक्सल, इंजिनाचे माउंट, बॉडीचे बोल्ट यांची सगळी मापं इथूनच निघतात. त्यामुळे इथली एका सुताची चूक पुढे प्रत्येक ठिकाणी वाढत जाते.

पुढचं एक्सल हा या कामातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग. मूळ फोर्डचं एक्सल आय-बीमचं. एक चाक खड्ड्यात गेलं की असं एक्सल किंचित पिळलं जातं, आणि हेअरपिन नावाच्या, केसांच्या आकड्यासारख्या दांड्यांनी ते धरलेलं असेल तर हे पिळणं आवश्यकच असतं. त्याच दांड्यांवर कोणी दिसायला देखणं नळीचं एक्सल लावलं, की घोळ होतो. नळी पिळायला तयार नसते, मग तो ताण ब्रॅकेटवर आणि वेल्डवर येतो आणि कधीतरी तिथे चीर पडते. वेल्ड कितीही उत्तम असो, दोष जोडीत आहे. नळीचं एक्सल वापरायचं तर प्रत्येक बाजूला दोन समांतर दांड्यांची फोर-बार रचना करावी लागते.

स्टिअरिंगचंही असंच. शेवरले व्हेगाचा आटोपशीर बॉक्स आडव्या लिंकने चाक वळवतो. पण फोर्डचा आडवा पाटा शॅकलवर झुलतो, त्यामुळे चेसिस एक्सलवर डावी-उजवीकडे सरकते आणि ड्रायव्हरने काही न करता गाडी वळू लागते. उपाय म्हणजे पॅनहार्ड बार, एक टोक चेसिसला आणि दुसरं एक्सलला. तो लिंकला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा हवा. नाहीतर खड्ड्यात दोघांचे कंस वेगवेगळे फिरतात आणि हातातलं स्टिअरिंग झटके देतं.

ब्रेकचा एक प्रश्न तर फार छान आहे. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक रॉडने ओढले जायचे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ पासून. आज घरी बांधताना मास्टर सिलिंडर जागेअभावी फरशीखाली जातो, म्हणजे चाकावरच्या कॅलिपरपेक्षा खाली. गाडी उभी राहिली की ऑइल उताराने मागे येतं, आणि सकाळी पहिल्यांदा दाबलेलं पेडल थेट तळाला जातं. ब्लीडिंग कितीदाही करा, दोष तसाच. लाइनमध्ये दोन पौंड दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला की काम होतं. ड्रम ब्रेकला दहा पौंडांचा लागतो. तो चुकून डिस्कला बसवला तर पॅड घासत राहतात आणि चाकं तापतात.

छत बुटकं करणं हे पत्राकाम. फोर्ड मॉडेल ए चे खांब जवळजवळ उभे, त्यामुळे तीन इंचांचा काप घेतला तरी वरचा भाग खालच्यावर बराचसा जुळतो. सॅम बॅरिसने १९४९ च्या मर्क्युरीचं छत कापलं तेव्हा तिचे खांब तिरपे होते. अशा गाडीत छत खाली येताच वरची टोकं खालच्या टोकांपासून सुटतात, मग छतच कापून लांब करावं लागतं. पातळ पत्र्यावर सलग वेल्ड केला तर तो लाटेसारखा उठतो. अंतर ठेवून टॅक मारायचे, थंड होऊ द्यायचे, आणि आकसलेला जोड खाली डॉली धरून हातोडीने पुन्हा ताणायचा. आपल्याकडच्या डेंटरच्या हाताला ही युक्ती ओळखीची आहे.

अर्थात अशी गाडी महाराष्ट्रातल्या रस्त्यावर आणणं अवघड. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. कॅलिफोर्नियात मात्र घरी बांधलेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, आणि दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना धुराच्या नियमांत सूट मिळते.

तिथले अनुभवी लोक रंगाची घाई करत नाहीत. सगळी गाडी कच्च्या पत्र्यात जोडतात, वायरिंगसकट, आणि तशीच चालवतात. टायर आतून कुठे घासतोय, एक्झॉस्ट ब्रेकच्या लाइनला कुठे भाजतोय, कुठल्या वेल्डपाशी केसासारखी रेघ उमटली आहे, हे गाडी धावल्यावरच कळतं. मग शेवटच्या बोल्टपर्यंत ती खोलून दुरुस्त्या करतात आणि त्यानंतरच चेसिस रंगाला पाठवतात.