श्रद्धा, शिस्त आणि जल्लोष

खेळ आणि धर्म यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. 1940 सालच्या डिसेंबर महिन्यात मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास जाऊन महात्मा गांधींना भेटले. देशातील पुढारी तुरुंगात असताना पंचरंगी क्रिकेट सामने भरवावेत काय, असा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींनी सामन्यांविरुद्ध कौल दिला आणि त्याबरोबर एक महत्त्वाचा भेदही सांगितला. महाविद्यालये आणि संस्था यांच्यातील सामने आपण समजू शकतो. मात्र हिंदू, पारशी, मुसलमान असे धर्मवार संघ कशासाठी, हे आपल्याला कधीच उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

परंतु महाविद्यालयाचा संघ हाच एखाद्या पंथाचाही संघ असेल तर? अमेरिकेत या प्रश्नाचे एक जिवंत उदाहरण आहे. युटा राज्यातील प्रोव्हो या शहरी असलेले ब्रिगहॅम यंग विद्यापीठ 1875 साली स्थापन झाले. ‘मॉर्मन’ या नावाने परिचित असलेल्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे ते विद्यापीठ. तेथील फुटबॉलचे वेड आणि आचारसंहिता या दोन्हींची ख्याती देशभर आहे.

चहादेखील वर्ज्य

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जातो तो खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडत पुढे सरकण्याचा हा खास अमेरिकी खेळ आहे. तेथील विद्यापीठांचे सामने बहुधा शनिवारी होतात आणि त्या दिवशी गावेच्या गावे मैदानाकडे लोटतात. सामन्याआधी वाहनतळावर बसून मद्यपान करणे हा अनेक ठिकाणी या उत्सवाचा भागच समजला जातो.

प्रोव्होत मात्र चित्र वेगळे दिसते. विद्यार्थ्यांना दारू, तंबाखूच काय, चहा आणि कॉफीसुद्धा वर्ज्य आहे. विवाहबाह्य शरीरसंबंधांना मनाई आहे. पुरुषांनी दाढी राखायची नाही. विद्यार्थी आचारसंहितेनुसार वागतो, अशी शिफारस धर्मगुरूकडून वेळोवेळी घ्यावी लागते. रविवार हा उपासनेचा दिवस असल्याने त्या दिवशी विद्यापीठाचा कोणताही संघ खेळत नाही आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या आयोजकांना त्यानुसार वेळापत्रक आखावे लागते. कॅफीनयुक्त शीतपेयांची विक्रीदेखील विद्यापीठाच्या आवारात 2017 साली सुरू झाली. साठ हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतील अशा स्टेडियममध्ये दारूचा थेंबही मिळत नाही. तेथे लोकप्रिय आहे तो जवळजवळ दोन विती लांबीचा, साखरेच्या पाकाचा लेप दिलेला डोनट.

वारकरी संप्रदायातील माळकऱ्याचे नियम ठाऊक असलेल्यांना यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. गळ्यात माळ पडली की मद्यमांस सुटते आणि चारचौघांत त्या माणसाची ओळखही ठरते. दाढीचेच पाहा. मनमाडच्या गुप्तसर साहिब गुरुद्वारात येणाऱ्या किंवा मनमाडमार्गे नांदेडला निघालेल्या शीख यात्रेकरूची श्रद्धा राखलेल्या केसदाढीतून दिसते. प्रोव्होतील विद्यार्थ्याची शिस्त गुळगुळीत हनुवटीतून दिसते. दोन्हीकडे आचार अंगावर वागवला जातो. अन्य धर्मीयांना धार्मिक कारणासाठी दाढी राखण्याची मुभा या विद्यापीठानेही दिलेली आहे.

विजयाने मिळालेली ओळख

इतके निर्बंध पाळणाऱ्यांना खेळाचे एवढे वेड का असावे? एक कारण शिक्षणाच्या जुन्या कल्पनेत आहे. शरीराला वळण लागले की मनालाही लागते, या समजुतीने ख्रिस्ती शिक्षणसंस्थांनी मैदानाला जवळ केले. गोव्यात 1883 साली शिवोली येथे फुटबॉल रुजवला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूनेच.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. मॉर्मन पंथीयांनी एकोणिसाव्या शतकात छळ आणि स्थलांतर सोसले, आणि पुढेही त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. अशा समाजाला मैदानाने मान मिळवून दिला. 1972 ते 2000 या काळात लाव्हेल एडवर्ड्स हे संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1984 साली संघाने तेराच्या तेरा सामने जिंकले, अखेरच्या सामन्यात मिशिगन विद्यापीठाला 24–17 असे हरवले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. शेजारच्या युटा विद्यापीठाशी होणाऱ्या लढतीला लोक ‘धर्मयुद्ध’ म्हणतात. एक संघ चर्चच्या विद्यापीठाचा, दुसरा सरकारी विद्यापीठाचा. पंथाचे अनुयायी दोन्ही बाजूंना आढळतात, त्यामुळे एकाच घरात दोन तट पडतात.

नियमाची खरी कसोटी

संघ श्रद्धेच्या नावाने ओळखला जाऊ लागला की विजयाप्रमाणे खेळाडूचे वर्तनही सार्वजनिक होते. 2011 सालच्या मार्चमध्ये विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता. नेमक्या त्या वेळी आचारसंहितेच्या भंगावरून एका प्रमुख खेळाडूला उर्वरित हंगामापुरते बाजूला केले गेले. लगेचचा सामना संघाने गमावला. तरीही, विजयापेक्षा नियम मोठा मानला म्हणून देशभरातून विद्यापीठाची वाहवा झाली. 2024 साली फुटबॉल संघाला 11 सामने जिंकून देण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या प्रमुख खेळाडूवरही पुढच्या वर्षी याच कारणाने सात सामन्यांच्या बंदीची वेळ आली आणि तो विद्यापीठ सोडून गेला.

या प्रसंगांनी दिसणारी बाजू उजळ आहे. पण दुसरीही बाजू आहे. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचीच, त्यांनी आचारसंहिता मोडली काय म्हणून, चौकशी होते, अशा तक्रारी 2016 साली पुढे आल्या. मोठा गदारोळ झाला आणि अशा तक्रारदारांना आचारसंहितेच्या कारवाईतून संरक्षण देण्याचे विद्यापीठाला मान्य करावे लागले. त्याहून जुनी घटना 1969 सालची. कृष्णवर्णीय पुरुषांना धर्माधिकार नाकारण्याच्या चर्चच्या धोरणाचा निषेध म्हणून वायोमिंग विद्यापीठाच्या 14 कृष्णवर्णीय खेळाडूंना या संघाविरुद्ध काळी फीत बांधून खेळायचे होते. त्यांच्याच प्रशिक्षकाने त्यांना सामन्याच्या आदल्या दिवशी संघातून काढून टाकले. चर्चने ते धोरण बदलले 1978 साली.

येथे पुन्हा मुंबईची आठवण होते. 1907 साली तिरंगी म्हणून सुरू झालेले, 1912 साली चौरंगी आणि 1937 साली पंचरंगी झालेले ते सामने 1946 साली इतिहासजमा झाले. त्या सामन्यांत हिंदूंच्या संघाला बाळू पालवणकरांची डावखुरी फिरकी हवी होती. परंतु पुण्यात त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत, ते चांभार समाजातील म्हणून, त्यांना चहा मात्र मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. विजयात ते आपले आणि चहाच्या वेळी परके! कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले तेव्हा 1923 साल उजाडले होते.

प्रोव्होत चहा सर्वांनाच वर्ज्य आहे, पुण्यात तो एकालाच वेगळा मिळत होता. पहिल्या नियमाशी आपण सहमत असू किंवा नसू, पण तो सर्वांना सारखा लागू आहे. दुसरा नियम म्हणजे शिस्तीच्या नावाखाली केलेला अपमान होता. एखाद्या धार्मिक संस्थेची आचारसंहिता किती कडक आहे, एवढ्यावरून तिची योग्यता ठरत नाही. संघाला जिंकून देणाऱ्या खेळाडूसमोर ती वाकते काय आणि आधार मागायला आलेल्या दुबळ्यावर ती उगारली जाते काय, या दोन प्रश्नांवर ती ठरते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साठ हजार प्रेक्षकांच्या साक्षीने मिळते. दुसऱ्याचे बंद दाराआड मिळते, आणि म्हणूनच संघावर जीव टाकणाऱ्यांनी ते अधिक आग्रहाने विचारायला हवे.