वडिलोपार्जित घराचा सौदा : आधी वारस, मग भाव

जालन्याच्या सदर बाजार भागात एखादे जुने घर विक्रीस निघाले की गिऱ्हाइकांची वाण पडत नाही. पुढे दुकान आणि मागे राहणे, अशी जागा व्यापाऱ्याला सहजी मिळत नाही. त्यामुळे असे सौदे घाईत होतात. भाव ठरतो, इसार दिला जातो आणि मग घर नेमके कोणाच्या नावावर आहे, याची चौकशी सुरू होते. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे.

बहुतेक वेळा घर मरहूम वडिलांच्या, कधी कधी तर आजोबांच्या नावावर असते. थोरला भाऊ घरपट्टी भरतो, बोलणीलाही तोच बसतो, म्हणून गिऱ्हाईक त्यालाच मालक समजते. परंतु आपल्या वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पना नाही. बाप हयात असेपर्यंत मुलाला घरात हक्क नाही. बाप वारताच प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसीयत भागवून जे उरेल ते वाटायचे. बायकोचा न दिलेला मेहर हेसुद्धा कर्जच, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

हनफी मजहबाप्रमाणे एक हिशेब मांडून पाहू. मरहूमच्या मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत, आईवडील हयात नाहीत. देणे फिटल्यावर घराचे ४८ लाख रुपये आले असे धरू. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक मुलाला १४ लाख व प्रत्येक मुलीला ७ लाख. दोघे भाऊ मिळून २८ लाखांचेच धनी झाले. आई व बहिणींच्या सह्यांवाचून खरेदी केली, तर गिऱ्हाइकाने पैसे ४८ लाख मोजले आणि घेतले २८ लाखांचे.

यावर भाऊ म्हणतात, "बहिणींच्या लग्नात खर्च केला, त्यांनी कधी हिस्सा मागितला नाही." हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की नवल वाटेनासे झाले. लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे, आणि न मागितल्याने हिस्सा बुडत नाही. बहिणीला खुशीने सोडायचा असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. तोंडी हिबा आपल्या कायद्यात चालतो. पण देणे, स्वीकारणे आणि ताबा या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. वीस वर्षांनी त्याला साक्षीदार कुठून आणणार?

वारसांत अज्ञान मूल असेल तर जास्तच जपावे. आईने मुलाच्या वतीने सही केली म्हणजे झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. आई मुलाच्या मिळकतीची कायदेशीर वली नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ सालीच ठरवले. तिला न्यायालयाकडून पालक म्हणून नेमून घ्यावे लागते आणि विक्रीची परवानगीही घ्यावी लागते.

काही जण एकाच भावाचा हिस्सा स्वस्तात घेऊन घरात शिरू पाहतात. राहत्या घराचे वाटप झालेले नसेल तर परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा केला, तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे बाकीचे हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीत त्याचा हिस्सा परत घेऊ शकतात.

आता कागदांविषयी. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, म्हणून जुने दस्त उर्दूत व फसली सालात असतात. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. चतुःसीमा जाणकाराकडून वाचून घ्याव्यात आणि नगर भूमापन कार्यालयाच्या मालमत्ता पत्रकाशी ताडून पाहाव्यात. पत्रकावर एकट्या भावाचे नाव असले तरी ती नोंद आहे, मालकी नव्हे. घर मशीद-दर्ग्यालगत असेल तर वक्फच्या यादीतही पाहावे, कारण वक्फची मिळकत विकता येत नाही. आणि पुढच्या दुकानात भाडेकरू असेल तर घराबरोबर तोही येतो. विक्रीने त्याचे भाडेहक्क संपत नाहीत.

हे सारे पाहून झाले की मग भाव करावा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. बाहेरगावच्या वारसाला येणे जमत नसेल तर त्याच्याकडून नोंदणीकृत मुखत्यारपत्र घ्यावे. सगळी रक्कम थोरल्याच्या हाती देऊ नये. आईचा, भावांचा आणि बहिणींचा धनादेश ज्याच्या त्याच्या नावाने काढावा व त्याचे नंबर खरेदीखतात लिहून घ्यावेत.