सावकारी दप्तर
सावकाराने आपल्या देवघेवीसंबंधी व घरगुती व्यवहारासंबंधी राखलेल्या कागदपत्रांचा संग्रह. पेढी व घर यांचा हिशेब पूर्वी वेगळा नसे; त्यामुळे कर्जाच्या नोंदीशेजारीच मुलीच्या लग्नाचा खर्च, यात्रेची बिदागी किंवा भाऊबंदांच्या वाटणीचे टिपण आढळते. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांच्या पत्रव्यवहारात तर उपदेश व कर्जाचा तगादा एकत्रच येतात.

दप्तरात रोजकीर्द, खतावणी, हुंड्यांच्या नोंदी, खते, गहाणखते, मुदतखरेदीचे दस्त व दिवाणी न्यायालयाचे हुकूमनामे असत. मराठी सावकारांचे लेखन मोडीत, तर मारवाडी सावकारांचे बहुधा त्यांच्या महाजनी लिपीत असे. निरक्षर कुणबी खताखाली सहीऐवजी नांगराची निशाणी करी. मजकूर लिहिणारा बहुधा सावकाराच्याच ओळखीचा असल्याने त्या निशाणीवरील ओळींत काय आहे, हे कुळाला ऐकीव माहितीवरूनच कळे.

या दप्तराचे सामर्थ्य खताच्या नूतनीकरणात होते. व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरविली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम मात्र उलट झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे खत लिहून घेई. दरमहा शेकडा दोन दराने १०० रुपयांचे तीन वर्षांत १७२ रुपये होत. तेच नवे मुद्दल धरले, की आणखी तीन वर्षांनी रक्कम सुमारे २९६ रुपयांवर जाई. व्याजाचेच मुद्दल झाल्याने दामदुपटीचा नियम कागदोपत्री मोडत नसे. न्यायालय शेवटचे खत तेवढे पाही.

म्हणूनच १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्डे (ता. शिरूर) येथे एका मारवाडी सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर देशमुखांचे घर मिळविले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उघड दंगा झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. जमाव खते व हुकूमनामे मागे. ती मुकाट्याने दिली तेथे मारहाण सहसा झाली नाही. खते जाळल्याने हिशेबाचा पुरावा नाहीसा झाला. इतिहासाच्या दृष्टीने ही हानी खरी. पण ज्यांच्या जमिनी त्या कागदांत अडकल्या होत्या, त्यांना तिची खंत वाटण्याचे कारण नव्हते.

चौकशी आयोगानंतर दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम (१८७९) पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांसाठी करण्यात आला. न्यायालयाला खतामागील व्यवहार आरंभापासून तपासण्याचा अधिकार मिळाला. दस्त ग्रामनिबंधकापुढे करणे आवश्यक ठरले. पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. सावकाराची वही अशा रीतीने प्रथमच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागली. तथापि कर्जाऐवजी खरेदीखत करून घेण्याची पळवाट उरलीच.

तिचे परिणाम मुळशी पेट्यात दिसले. मावळ्यांच्या कसणुकीतील पुष्कळशा भातजमिनी पुण्यातील सावकारांच्या नावे झाल्या होत्या. टाटांच्या जलविद्युत् योजनेतील धरणासाठी जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा नुकसानभरपाईचा हक्क कागदावरील मालकाचा ठरे. कसणाऱ्याच्या वाट्याला विस्थापन येई. १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापट व वि. म. भुस्कुटे यांच्याबरोबर मावळे उभे राहिले; अनेक सावकार मात्र भरपाई घेण्यास राजी होते. सत्याग्रह १९२४ पर्यंत टिकला. खोरे पाण्याखाली गेले.

उरलेली जुनी दप्तरे काही घराण्यांकडे, तर काही पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या रुमालांत आहेत. ती वाचताना एक सावधगिरी हवी : खतात लिहिलेली रक्कम ही कुळाच्या हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कम असतेच असे नाही. पहिले व्याज कापून घेण्याची चाल असल्यास तिचा उलगडा त्याच दिवसाची रोजकीर्द ताडून पाहिल्याशिवाय होत नाही.