कान सरावत नाही

चैत्र-वैशाख आला, लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते, "डॉक्टर, कालपासून कानात शिटी वाजतेय." चौकशी केली की कळतं, काल वरात होती आणि पाहुणे स्पीकरच्या भिंतीसमोर नाचले होते.

अशाच एका उन्हाळ्यात ताशा वाजवणारा तिशीतला तरुण आला. म्हणाला, "ऐकू येतं, पण कळत नाही." दुकानदार सात म्हणाला की साठ, हे त्याला उमगत नव्हतं. धाकटी मुलगी हळू बोलली, की तो नुसती मान हलवायचा. मी विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "आधी वाजवून आलं की रात्रभर कानात गुणगुणायचं. मग कान सरावला."

कान सरावत नाही, हेच मला सांगायचं आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. गवतावरून एकदा चाललं तर ते पुन्हा उभं राहतं; रोज चाललं तर पायवाट पडते. केशपेशींचं तसंच आहे. शिटी वाजणं, कान बधिर होणं, ही त्या तुडवल्या गेल्याची खूण. मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पहिला मार बसतो तो उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींना. म्हणून स्वर ऐकू येतात. पण त, ठ, स, श ही व्यंजनं हरवतात.

किती आवाज चालतो? ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि आपली वरात चालते दोन-तीन तास! मोजायला यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की समजावं, आवाज धोक्याचा आहे.

पुतण्याच्या लग्नात मीही आवाज कमी करायला सांगून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एकच दिवस तर आहे!" मग मी मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन मागे गेलो. तेही उपयोगाचं असतं. मोकळ्या जागी एका स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं, तर आवाज सुमारे सहा डेसिबलनी उतरतो. ज्यांना जवळच थांबावं लागतं, त्यांनी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वापरावेत. बोळा बोटांनी वळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत घाला, फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. साध्या कापसाने फारसं काही अडत नाही. दर तासाने दहा-पंधरा मिनिटं शांत जागी जाऊन बसा.

घरातही जपा. उन्हाळ्यात कूलरची घरघर चालू असते आणि तिच्यावर मात करायला आपण इअरफोनचा आवाज वाढवत नेतो. त्यापेक्षा थोडा वेळ कूलरचा वेग कमी करावा.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सूट मिळते.

कानातली शिटी दिवसभरात थांबली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा. उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. कानात तेल मात्र घालू नका.

त्या ताशेवाल्याचं गेलेलं ऐकणं परत आलं नाही. त्याने धंदाही सोडला नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण आता तो आणि त्याचे सोबती बोळे घालून वाजवतात. मुलगी त्याच्यासमोर उभी राहून, तोंड दिसेल अशी बोलते. ही सवय तिला लावावी लागली. आपल्या घरातल्या मुलांना ती लावायची वेळ येऊ नये, एवढंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)